‘लेडी मॅडोना’ची तबकडी : प्रस्तावना

१९६८ सालच्या मार्च महिन्याच्या १५ तारखेस इंग्लंडात पार्लोफोन कंपनीच्या शिक्क्याची एक सात इंची तबकडी विक्रीस निघाली. तिच्या एका अंगास ‘लेडी मॅडोना’ आणि दुसऱ्या अंगास ‘दि इनर लाइट’ अशी दोन गीते होती. मधल्या कागदी वर्तुळावर बीटल्स या वृंदाचे आणि रचनाकारांचे नाव होते. परंतु ज्यांच्या फुंकरीवाचून या दोहोंपैकी एकही गीत आज आपण ऐकतो त्या रूपास आले नसते, त्या पाहुण्या वादकांपैकी एकाचेही नाव त्या वर्तुळावर नव्हते. पुढील प्रकरणांत या तबकडीचा जो सविस्तर परामर्श घेतला आहे, त्याचे मूळ कारण ही अनुपस्थितीच होय. बीटल्सविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक दिवसाची तारीखवार टिपणे पंडिती काटेकोरपणाने सिद्ध झाली आहेत, आणि त्या राशीत आपलीही एक मूठ टाकण्याची हौस प्रस्तुत लेखकास नाही. चार तरुणांची कीर्ती हा या विवेचनाचा विषय नसून, त्या कीर्तीच्या छायेत एका रात्रीपुरते येऊन, आपला मेहनताना घेऊन निघून गेलेल्या चार सॅक्सोफोनवादकांचे, आणि त्यांच्याही महिनाभर आधी मुंबईच्या फोर्ट विभागात बासरी, सनई, सरोद व पखवाज घेऊन बसलेल्या वादकांचे त्या संगीतातील स्थान कोणते, हा तो विषय आहे.

भरताने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे जे चार वर्ग लावून दिले, त्यांपैकी पहिल्या तिहींवर रॉक वृंदाचा संसार निर्वेधपणे चालतो. गिटारी, ढोल आणि झांजा यांच्या पलीकडे त्याला सहसा काही लागत नाही, आणि सुषिर वाद्याला तेथे जागा मिळते ती बहुधा पाहुण्याची. विजेच्या गिटारीचा स्वर यंत्राच्या साह्याने वाटेल तितका लांबविता येतो. पण फुंकवाद्याचा स्वर वादकाच्या छातीत जेवढी हवा असेल तेवढाच टिकतो, आणि म्हणून तीनचार फुंकवाद्ये एकत्र येऊन गायकाच्या ओळीस उत्तर देऊ लागली म्हणजे त्या उत्तरास आपोआप मनुष्याच्या बोलण्याचे माप येते. तमाशात मुख्य गायकाने ओळ सोडावी आणि मागच्या झीलकऱ्यांनी ती वरचेवर झेलून धरावी, त्या जातीचे हे काम आहे. झील नीट धरली गेली नाही, तर चांगल्या शाहिराचीही लावणी पडते. मराठी रसिकांच्या कानांना ट्रम्पेट-सॅक्सोफोनांची ही झील अगदीच अपरिचित आहे असेही नाही. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात या वाद्यांचा जो सढळ आणि खट्याळ उपयोग केला, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हळदोण्याच्या एका गोमंतकीय ट्रम्पेटवादकाची व त्याच्या साथीदारांची करामत होती. चितळकरांचे नाव त्या वेळी घरोघर झाले. ट्रम्पेट फुंकणाऱ्याचे नाव मात्र दर्दी माणसांच्या पलीकडे फारसे गेले नाही. तेव्हा लंडनच्या ज्या वहिवाटीविषयी पुढे लिहावयाचे आहे, ती आपल्याकडेही सुखाने नांदत होती, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

सॅक्सोफोन हे वाद्य दिसण्यात पितळेचे असले तरी त्याचा स्वर वेताच्या पत्तीतून निघतो, आणि त्यामुळे शास्त्रकार त्यास क्लॅरिनेटच्या पंक्तीस बसवितात. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिस येथे या वाद्याची सनद मिळविली; प्रथम ते लष्करी बँडांत रुजले, पण त्याला खरा कंठ फुटला तो अमेरिकेत, जॅझ वादकांच्या हाती. पुढे न्यू ऑर्लिन्स शहरी फॅट्स डॉमिनो हा गायक पियानोवर डाव्या हाताने बूगी-वूगीची अखंड चाल धरू लागला, आणि डेव्ह बार्थोलोम्यू या ट्रम्पेटवादक संयोजकाच्या देखरेखीखाली सॅक्सोफोनांची तुकडी त्या खालच्या चालीस आपल्या जाड स्वराचा पुष्टिभार देऊ लागली, तेव्हा १९५० च्या सुमाराच्या रॉक अँड रोलचा पाया घातला गेला. गिटार ही या संगीताची पट्टराणी पुढे झाली. आरंभीच्या दरबारात पियानो आणि सॅक्सोफोन यांचाच मान मोठा होता, ही गोष्ट आजच्या श्रोत्यास मुद्दाम सांगावी लागते. ‘लेडी मॅडोना’ रचताना बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांच्या कानांत डॉमिनोच घुमत होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि नेहमीचा पातळ, गोड आवाज बाजूस ठेवून त्यांनी या गीतात जो भरड, खालचा आवाज लावला आहे, तो त्या कबुलीचा पुरावा म्हणून पुरेसा आहे.

परंतु या गीताच्या वंशावळीत न्यू ऑर्लिन्सइतकाच लंडनचाही हिस्सा आहे. हम्फ्री लिटल्टन या इंग्रज ट्रम्पेटवादकाच्या मंडळीने ‘बॅड पेनी ब्लूज’ नावाची एक चीज १९५६ साली प्रसिद्ध केली, जी जॅझची असूनही इंग्लंडातील विक्रीच्या यादीत पहिल्या विसांत पोहोचली. तीत जॉनी पार्कर यांनी पियानोवर जो डाव्या हाताचा घुमारा धरला आहे, आणि जो मीक नावाच्या विक्षिप्त पण कल्पक तंत्रज्ञाने तो ज्या रीतीने ठळक करून मुद्रित केला आहे, त्याची ‘लेडी मॅडोना’च्या आरंभाशी तुलना करून पाहावी, मग नातलगपणाविषयी शंका उरत नाही. ती तबकडीही पार्लोफोनचीच, आणि त्या वेळी पार्लोफोनचा कारभार पाहणारे गृहस्थ होते जॉर्ज मार्टिन, जे पुढे बीटल्सचे ध्वनिमुद्रणप्रमुख झाले. म्हणजे एकाच दुकानातील जुना माल बारा वर्षांनी नव्या वेष्टनात बाहेर आला, असे कोणी म्हटले तर त्यास सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. लिटल्टन यांनी मात्र या बाबतीत कोणतीच कुरकूर केली नाही. लयीवर कोणास मालकी सांगता येत नाही, आणि त्या मुलांनी घेतली ती लयच, असा त्यांचा उदार अभिप्राय होता. हा अभिप्राय एका जॅझ वादकाचा आहे, ज्याला उसनवारी ही आपल्या व्यवसायाची रीतच वाटते. वकिलाने कदाचित निराळे मत दिले असते.

आता मॅकार्टनी यांच्या घराकडे वळावयास हवे, कारण फुंकवाद्य त्या घरात परके नव्हते. वडील जिम मॅकार्टनी हे लिव्हरपूलच्या कापसाच्या व्यापारातील एक नोकरदार. १९२० नंतरच्या दशकात ‘जिम मॅक्स जॅझ बँड’ या नावाने ते एक हौशी जॅझ बँड चालवीत आणि त्यात ट्रम्पेट वाजवीत. दातांनी साथ सोडल्यावर ते पियानोकडे वळले. मुलाच्या चौदाव्या वाढदिवसास त्यांनी त्याला ट्रम्पेटच भेट दिले. मुलाने ते काही काळ फुंकून पाहिले आणि मग वडिलांच्या संमतीने दुकानात जाऊन त्याच्या बदल्यात एक गिटार आणली. कारण त्याच्या ध्यानात आले की, तोंडात ट्रम्पेट असताना गाता येत नाही. या क्षुल्लक वाटणाऱ्या अदलाबदलीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा केवढा तरी भाग अवलंबून होता. त्याच मुलाने पुढे १९६६ साली ‘गॉट टु गेट यू इंटु माय लाइफ’ या गीतात तीन ट्रम्पेटे व दोन सॅक्सोफोन बोलावून मेम्फिस आणि डेट्रॉइट येथील कृष्णवर्णीय संगीताची धग आपल्या गीतात आणण्याचा प्रयत्न केला, १९६७ च्या जानेवारीत ‘पेनी लेन’साठी डेव्हिड मेसन यांच्याकडून लहान, उंच पट्टीचे ट्रम्पेट वाजवून घेतले, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा फुंकवाद्यांकडे आला. गिटारीसाठी सोडून दिलेले ट्रम्पेट त्याच्या कानातून कधी गेलेच नव्हते, असा माझा तर्क आहे.

गीताच्या आशयाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो दुर्बोध नाही. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकातील एका छायाचित्रात मुलास स्तनपान देणारी एक स्त्री होती आणि त्याखाली तिला डोंगरातील मॅडोना म्हटले होते. ते चित्र पाहून या गीताची कल्पना सुचली, असे मॅकार्टनी यांनी सांगितले आहे. मॅडोना म्हणजे ख्रिस्तमाता मेरी. लिव्हरपूलमध्ये आयरिश कॅथलिक वस्ती दाट. तेथील चाळवजा घरांतील लेकुरवाळ्या, पैशाची ओढाताण करणाऱ्या बाया आणि देव्हाऱ्यातील ती माता, यांना एकाच संबोधनात आणण्याचे धाडस या गीताने केले आहे. मॅकार्टनी यांच्या मातोश्रींचे नावही मेरीच होते. त्या परिचारिका व सुईण होत्या आणि मुलगा चौदा वर्षांचा असताना वारल्या. गीतात आठवड्याचे वार एकामागून एक येतात, पण शनिवार नाही. ही चूक कर्त्याच्याच लक्षात फार उशिरा आली, आणि त्या बाईला शनिवारी बाहेर मौज करावयास जाता आले असेल, अशी मखलाशी त्याने पुढे केली. ती मला आवडते. संसाराचा गाडा ओढणाऱ्या स्त्रीविषयीचे गीत असूनही यात करुणरसाचा लवलेश नाही. आहे ती ठसकेबाज, जराशी उर्मट लय. कीव करण्याऐवजी तिच्या कामाचा वेगच संगीतात उतरवावा, हा निर्णय या रचनेतील सर्वांत शहाणपणाचा आहे, आणि तो निभावण्याचे ओझे मुख्यत्वे पियानो व सॅक्सोफोन यांच्यावर पडले आहे.

ध्वनिमुद्रण झाले ते लंडनमधील अॅबी रोडवरच्या ईएमआय कंपनीच्या इमारतीत, फेब्रुवारीच्या ३ व ६ तारखांस. पहिल्या दिवशी मॅकार्टनी यांचा पियानो आणि रिंगो स्टार यांचे कुंचल्यांनी वाजविलेले ढोल, त्यांवर बास आणि वृंदातील जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांच्या मुद्दाम खरखरीत केलेल्या गिटारी, एवढे काम झाले. त्या काळची फीत चार पट्ट्यांची. चारही भरल्या की त्यांचा गोषवारा एका नव्या फितीवर उतरवून उरलेली जागा मोकळी करावी लागे, आणि प्रत्येक उतरवणीत मूळच्या नादाचे थोडे तेज जाई. ही काटकसर ध्यानात ठेवली म्हणजे, पुढे सॅक्सोफोनांच्या वाट्यास जे आले त्याचा निदान अर्धा खुलासा मिळतो.

६ तारखेच्या रात्री आयत्या वेळी निरोप धाडून चार सॅक्सोफोनवादक बोलाविण्यात आले : टेनर सॅक्सोफोनवर रॉनी स्कॉट आणि बिल पोवी, व त्याहून खर्जातील बॅरिटोनवर हॅरी क्लाइन आणि बिल जॅकमन. यांपैकी स्कॉट हे नाव इंग्लंडच्या जॅझमध्ये कोणीही अदबीने घ्यावे असे होते. १९२७ साली जन्मलेला हा गृहस्थ महायुद्धानंतर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवरील वाद्यवृंदांत नोकरी धरून न्यूयॉर्कला जाई, ती मुख्यतः तेथील नव्या जॅझ वादकांना प्रत्यक्ष ऐकता यावे म्हणून. कारण वादकांच्या संघटनेने घातलेल्या निर्बंधांमुळे अमेरिकन वादकांना इंग्लंडात येऊन वाजविणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. १९५९ च्या ऑक्टोबरात त्याने आपला भागीदार पीट किंग याच्यासह सोहो भागातील जेरार्ड स्ट्रीटवर एका तळघरात स्वतःचा जॅझ क्लब थाटला, आणि संघटनेशी चिकाटीने वाटाघाटी करून, इंग्लंडचा एक वादक तिकडे व अमेरिकेचा एक इकडे, असा विनिमयाचा करार घडवून आणण्यात या जोडीचा पुढाकार होता. १९६५ पासून तो क्लब फ्रिथ स्ट्रीटवर आहे. अशा अधिकाराचा मनुष्य दुसऱ्याच्या गीतात तीनचार ओळी वाजविण्यासाठी रात्रीच्या वेळी येतो, तेव्हा निदान वाजवावयाचे काय ते कागदावर लिहून ठेवलेले असेल, अशी त्याची अपेक्षा असणार.

तसे काही नव्हते. जॅकमन यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी की, मॅकार्टनी यांनी पियानोवर गीत वाजवून दाखविले, प्रत्येकास एक कागदाचा तुकडा व पेन्सिल देण्यात आली, आणि ज्याने त्याने आपापले स्वर टिपून घ्यावेत असे ठरले. स्वरलेखन तयार असते तर घटकेत आटोपले असते असे काम त्यामुळे बराच वेळ रेंगाळले. जॉर्ज मार्टिन हे स्वतः लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयात ओबो शिकलेले, म्हणजे पत्तीच्या वाद्याचे मर्म जाणणारे. तंतुवाद्यांसाठी आणि पितळी वाद्यांसाठी त्यांनी याच वृंदाला नमुनेदार स्वरलेखन करून दिले होते. त्या रात्री मात्र त्यांची लेखणी कामी आली नाही. शिस्तीच्या दृष्टीने पाहिले तर हा निष्काळजीपणा होय, आणि व्यावसायिक वादकांच्या वेळेचा तो अपमानही होता. पण परिणाम ऐकताना माझे मत डळमळते. लिहिलेल्या स्वरलेखनाबरहुकूम वाजविलेली तुकडी घासूनपुसून स्वच्छ आली असती. येथे चौघे जण, कानात मूळ फीत घेऊन, अंदाजाने एकमेकांजवळ सरकत आहेत. खालचे दोन बॅरिटोन पियानोच्या डाव्या हाताला चिकटून गुरगुरतात. टेनरांच्या स्वरात किंचित चीड आहे, आणि ती चीड गीतातील बाईच्या दिनक्रमास अगदी साजून दिसते. अव्यवस्थेतून हा गुण निष्पन्न झाला म्हणून अव्यवस्था समर्थनीय ठरत नाही, हे मी मान्य करतो.

यापुढचा प्रकार अधिक विलक्षण आहे. गीताच्या मध्यावर स्कॉट यांचे टेनरवरील एकल वादन आहे, आणि त्याच जागी मॅकार्टनी, लेनन व हॅरिसन यांनी ओठांपुढे हातांची ओंजळ धरून तोंडानेच पितळी वाद्यांची नक्कल केली आहे. अंतिम मिश्रणात ही तोंडी नक्कल पुढे आली आणि खरा सॅक्सोफोन मागे पडला. ज्याचे वाद्य त्याच्यापेक्षा नकलाकार मोठ्याने ऐकू यावा, हे स्कॉट यांना रुचले नाही असे सांगतात, आणि ते कोणाला रुचले असते? न्यायनिवाडा करावयाचा तर दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. गीत म्हणून विचार केला असता ती नक्कल काढून टाकावी असे मला वाटत नाही. तिच्यात शाळकरी पोरांचा आनंद आहे, आणि तोंडात ट्रम्पेट धरून गाता येत नाही म्हणून ते सोडणाऱ्या मुलाने बारा वर्षांनी तोंडाचेच ट्रम्पेट करावे, यात एक न ठरविलेला योग आहे. परंतु वादकाचा हक्क म्हणून विचार केला असता स्कॉट यांच्यावर अन्याय झाला, व तो टाळता येण्याजोगा होता. चार पट्ट्यांच्या फितीची अडचण खरी. पण कोणाचा आवाज वर आणि कोणाचा खाली, हे फीत ठरवीत नाही, माणसे ठरवितात. १९९६ साली बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी’च्या दुसऱ्या संचात या गीताचे जे निराळे मिश्रण प्रसिद्ध झाले, त्यात सॅक्सोफोन बराच पुढे आला आहे. स्कॉट हे त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवर्तले.

आणखी एक नोंद येथेच करतो. फेब्रुवारीच्या ११ तारखेस या गीताच्या जाहिरातीसाठी वृंदाचे चित्रीकरण करण्यात आले. पण त्या दिवशी ते प्रत्यक्षात ‘हे बुलडॉग’ नावाचे दुसरेच गीत मुद्रित करीत होते, आणि त्याच चित्रफितीवर ‘लेडी मॅडोना’चा आवाज चढविला गेला. म्हणजे दूरचित्रवाणीवर ज्यांनी हे गीत पाहिले त्यांना सॅक्सोफोन ऐकू आले, परंतु सॅक्सोफोनवादक दिसण्याचा संभवच नव्हता.

आता तबकडी उलटावी. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही दुसरी बाजू अधिक जिव्हाळ्याची आहे, आणि इंग्रजी टीकाकारांनी तिच्याविषयी जे लिहिले आहे त्यात रागदारीचा व तत्त्वज्ञानाचा ऊहापोह पुष्कळ असला तरी मुंबईचा पत्ता क्वचितच आढळतो. जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईस आले. पूर्वी, १९६६ साली, रविशंकरांकडे सतारीचे धडे घेण्यासाठी ते येथे राहून गेले होते, त्यामुळे शहर नवखे नव्हते. फोर्टमधील फिरोजशहा मेहता रस्त्यावरील इमारतीत एचएमव्हीचे जे ध्वनिमुद्रणगृह होते, तेथे त्यांनी काम केले. ते केवळ एकपट्टी मुद्रणास योग्य होते. तेव्हा कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन पट्ट्यांचे यंत्र आगगाडीने आणवून दिले. खोली रस्त्याच्या गोंगाटापासून पुरती बंदिस्त नव्हती. सायंकाळी साडेपाचला इमारतीतील कचेऱ्या सुटत आणि जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा गडगडाट सुरू होई, तेव्हा काम थांबवावे लागे. आणि चित्रपटाच्या काही मुद्रणांत बाहेरून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज कान देऊन ऐकल्यास सापडतो, असे हॅरिसन यांनीच सांगितले आहे. फोर्टातील त्या कारकूनवर्गात आपल्या गिरगाव-दादरची माणसे किती असतील याचा हिशेब कोण करणार. पण साडेपाचची गाडी गाठण्याच्या त्यांच्या घाईने एका बीटलचे काम रोज अडवून धरले, ही गोष्ट मला तरी प्रसन्न करते.

चित्रपटाचे काम करता करता हॅरिसन यांनी एका स्वतंत्र गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित करून घेतले. तेच ‘दि इनर लाइट’. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर अलाउद्दीन खाँसाहेबांचे नातू आशिष खाँ, पखवाजवर महापुरुष मिश्र, आणि त्यांच्या जोडीस सनई व हार्मोनियम. चौरसिया तेव्हा तिशीच्या आत होते. आकाशवाणीच्या नोकरीनिमित्त कटकहून मुंबईस आल्यावर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतही त्यांची बासरी वाजत असे. रचना अशी केली आहे की, मोकळ्या वाद्यखंडांत सरोद, सनई आणि पखवाज वेगाने धावतात, आणि गाणे सुरू होताच सारे शांत होऊन हार्मोनियम व बासरी तेवढी गायकाच्या सोबतीस राहते. गायकाने ओळ म्हणावी आणि बासरीने ती मागून आपल्या परीने उच्चारावी, हे काम लंडनच्या चार सॅक्सोफोनांच्या कामाहून तत्त्वतः भिन्न नाही. भिन्नता आहे ती वागणुकीत, कारण येथे बासरीच्या तोंडापुढे कोणी ओंजळ धरून उभे राहिलेले नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंत सरस हीच. ‘लेडी मॅडोना’ दोन ऐकण्यांत आपले सारे सांगून टाकते. ‘दि इनर लाइट’ तसे करीत नाही.

शब्दांचे मूळही दूरदूरच्या प्रवासाचे आहे. केंब्रिजला संस्कृत शिकविणारे, भगवद्गीता व उपनिषदे यांचे इंग्रजी भाषांतरकार, मूळचे मायोर्का बेटाचे हुआन मास्कारो यांनी १९६७ साली हॅरिसन यांना दूरचित्रवाणीवर अध्यात्माविषयी बोलताना पाहिले, आणि त्यांना आपला ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हा संग्रह धाडून, लाओ त्सूच्या ‘ताओ ते चिंग’मधील सत्तेचाळिसाव्या अध्यायास चाल लावावी अशी सूचना केली. स्पेनच्या बेटावरील संस्कृतज्ञाने चिनी ऋषीचे वचन इंग्रज गायकास सुचवावे आणि त्याने ते मुंबईच्या वादकांच्या साथीवर गावे, अशी ही साखळी. हॅरिसन यांची एखादी रचना बीटल्सच्या अशा स्वतंत्र तबकडीवर आली ती हीच पहिली. आणि तारखांचा योग असा की, मुंबईहून नेलेल्या या वाद्यसंगीतावर त्यांनी अॅबी रोड येथे आपला आवाज चढविला तो ६ फेब्रुवारी रोजीच. त्याच इमारतीत त्याच रात्री रॉनी स्कॉट आणि मंडळी आपापल्या सॅक्सोफोनच्या पत्त्या ओल्या करीत बसली होती. महिना उलटण्यापूर्वी चौघेही बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात ऋषीकेशला जाऊन पोहोचले होते, आणि तबकडी निघाली ती त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गैरहजेरीत.

तिच्या यशाची कथा लांबविण्यात अर्थ नाही. इंग्लंडात ती पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत चौथ्या. तिकडे त्याच फेब्रुवारीत ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ या मंडळींचा पहिला संच प्रसिद्ध झाला, ज्यांनी फुंकवाद्यांना पाहुण्याच्या खुर्चीवरून उठवून वृंदाचे कायम सभासद करून घेतले. पाठोपाठ शिकागो नावाच्या वृंदाने तेच केले, आणि त्यांच्या वेष्टनांवर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांची नावे गिटारवाल्यांच्या बरोबरीने छापली गेली. ज्यांच्या गायकीची छाया या गीतावर पडली होती त्या फॅट्स डॉमिनो यांनी त्याच वर्षी हे गीत स्वतः गाऊन परत घेतले. अमेरिकेच्या शंभर गीतांच्या यादीत ते शंभराव्या क्रमांकावर लागले, आणि त्यानंतर डॉमिनो यांचे नाव त्या यादीत पुन्हा आले नाही.

पुढील प्रकरणांत प्रथम लंडनची, मग मुंबईची बाजू घेतली आहे, आणि वादकांचा तपशील जेवढा निश्चित मिळाला तेवढाच दिला आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून वाजविलेल्या साथीदारांची माहिती कंपन्यांच्या दप्तरापेक्षा त्यांच्या घरच्या वह्यांत, करारपत्रांत आणि बिदागीच्या पावत्यांतच अधिक सापडण्याचा संभव आहे. गिरगाव, दादर, माहीम, धोबीतलाव किंवा गोव्यातील हळदोणे-मडगाव, अशा ठिकाणच्या ज्या घरांत हे कागद अद्याप शाबूत असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जपून ठेवावेत आणि एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत, अशी माझी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.